रुग्णाच्या उशाशी बसण्याचा मान

पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लागला आणि ते सर्वसामान्य रुग्णांपर्यंत पोहोचायला आणखी बरीच वर्षे गेली. त्याआधी विषमज्वर, न्यूमोनिया किंवा बाळंतज्वर झालेल्या माणसाला डॉक्टर तपासत, रोगाचे नाव सांगत. पण रोगजंतूंवर थेट वार करणारे औषध बहुतेक आजारांत त्यांच्या हाती नसे. मग रुग्ण वाचायचा कशाने? वेळोवेळी पाणी पाजणे, ताप मोजून अंग पुसणे, कूस बदलून देणे, अंथरूण कोरडे ठेवणे, उपकरणे उकळून घेणे आणि प्रत्येक वेळी हात स्वच्छ धुणे. थोडक्यात, शुश्रूषेने. म्हणजे ज्या गावात शिकलेली परिचारिका नाही, त्या गावात उपचारांचा मोठा भागच नाही, अशी तेव्हाची स्थिती होती.

आपल्याकडे ही उणीव भरून काढण्यासाठी ज्यांनी आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे दिली, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव आधी घ्यावे लागते. ‘उंच माझा झोका’ ही मालिका पाहिलेल्यांना नवऱ्याकडून लपतछपत अक्षरे गिरवणारी लहानगी रमा आठवत असेल. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्या उत्तरायुष्याची गोष्ट अधिक मोलाची आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांच्या घरचा. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले. रानड्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, वय तिशी ओलांडलेले. त्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केले, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. लग्नानंतर त्यांनी पत्नीला स्वतः शिकवायला घेतले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे रुचले नाही. दिवसभर त्यांची बोलणी ऐकायची आणि रात्री धडा पुरा करायचा, असा रमाबाईंचा क्रम झाला. उलट उत्तर न देता आपले काम न सोडण्याची सवय त्यांना इथेच लागली असावी. पुढे संस्था चालवताना ती उपयोगी पडली.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हा रमाबाई त्यात सामील झाल्या. १८८४ मध्ये सुरू झालेल्या हुजूरपागेच्या शाळेसाठीच्या खटपटीतही त्या होत्या. पुढे रानडे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ तो पुण्यात शिरला. परक्या माणसांनी घरात शिरून बायकांना तपासायचे, रुग्णाला उचलून न्यायचे, या धास्तीने लोक आजारी माणसे लपवू लागले. शिकलेल्या, आपली भाषा बोलणाऱ्या आणि घरातल्या बायकांना विश्वासात घेऊ शकणाऱ्या स्त्रियांची उणीव किती मोठी आहे, हे या साथीने दाखवून दिले.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. शेवटच्या आजारात त्यांची शुश्रूषा रमाबाईंनीच केली होती. वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या, पुण्याच्या घरी परतल्या आणि सुरुवातीचा काळ त्यांनी जवळजवळ एकांतात काढला. त्यानंतर त्या घराबाहेर पडल्या त्या थेट येरवड्याच्या तुरुंगात, तिथल्या स्त्री कैद्यांना भेटायला. सुधारगृहातील मुलांकडे त्या जाऊ लागल्या. फळे, फुले, पुस्तके घेऊन रुग्णालयांत खाटेखाटेपाशी जाऊन बसू लागल्या. ज्यांच्याकडे कोणी फिरकत नाही अशांची विचारपूस करणे हे काम दिसायला साधे, पण रुग्णालयात काय हवे आहे ते त्यांना यातून जवळून पाहायला मिळाले.

त्या काळी आजाऱ्याची शुश्रूषा घरातल्या बायकाच करत. पण पगार घेऊन, परक्याची, रुग्णालयात शुश्रूषा करणे हिंदू घरांत कमीपणाचे मानले जाई. परक्याच्या मलमूत्राला, रक्ताला, जखमेला हात लावायचा म्हणजे विटाळ. त्यामुळे प्रशिक्षित परिचारिका बहुतांशी युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती असत. बाळंतपणे सुइणी करत. त्यांतल्या अनेकजणी पिढीजात अनुभवाच्या होत्या, पण त्यांच्या कामाला ना शिक्षणाची जोड होती ना समाजात मान. न धुतलेला हात बाळंतज्वर देतो, हे झेमेलवाइस या डॉक्टरने व्हिएन्नात १८४७ मध्ये दाखवून दिले होते. नाळ कापण्याचे हत्यार अस्वच्छ असले तर नवजात बाळाला धनुर्वात होऊ शकतो. हे ज्ञान माजघरातल्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोहोचवायला पुरुष डॉक्टरचा उपयोग नव्हता, कारण त्याला तिथे प्रवेशच नसे.

दुसरीकडे, घरोघरी तरुण विधवा होत्या. केशवपन केलेल्या, एकवेळ जेवणाऱ्या, घरातली कष्टाची कामे करणाऱ्या आणि शुभकार्यात समोरही येऊ न दिल्या जाणाऱ्या. रुग्णालयाला माणसे हवी होती आणि या स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे साधन. या दोन गरजांची गाठ घालून देणाऱ्या संस्थेचे नाव सेवासदन.

संमतिवयाच्या कायद्यासाठी झगडलेले बेहरामजी मलबारी आणि त्यांचे सहकारी दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदनाची कल्पना मांडली. भारतीय स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देणे हा त्यातला एक मुख्य हेतू होता. नेतृत्वासाठी ते रमाबाईंकडे आले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्यात रानड्यांच्या राहत्या वाड्यात सेवासदन सुरू झाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. लिहिणे-वाचणे, शिवण, प्रथमोपचार अशा वर्गांपासून सुरुवात झाली. संसार असलेल्या बायकांना घरची कामे आटोपून येता यावे म्हणून वर्ग दुपारचे ठेवले. परिचारिकेच्या शिक्षणासाठी विद्यार्थिनी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आणि शिकाऊ परिचारिकांसाठी वसतिगृहे उभी राहिली. मुलगी रात्री राहणार कुठे, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो, हे रमाबाईंनी ओळखले होते.

तरीही समाज सहजासहजी वळला नाही. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक तरुण विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली. डोक्याचे केस काढलेले, अंगावर विधवेचा पारंपरिक वेश. तिला पाहताच सभागृहातल्या तरुणांनी हुर्यो केली. ही अडाणी माणसे नव्हती; ती पुण्यातली शिकणारी पोरे होती. रमाबाईंना हे फार लागले. समारोपाला त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या तरुणांना चांगलेच फैलावर घेतले. एरवी मृदू आणि मर्यादशील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बाई त्या दिवशी भर सभेत कठोर झाल्या.

या प्रसंगातला विरोधाभास पाहा. बाळ जन्माला येते ती घटका घरातली सर्वांत शुभ. ज्या स्त्रीचे तोंड पाहणे अशुभ मानले, तीच शिकून, हात धुऊन त्या घटकेला बाळंतिणीपाशी उभी राहिली, की आई आणि बाळ दोघेही सुखरूप राहण्याची शक्यता वाढत होती. रूढी मोडा असे ओरडून सांगण्याऐवजी रमाबाईंनी रूढीने टाकलेल्या स्त्रीला गावाची गरज बनवले. त्या स्वतः जुन्या वळणाच्या वेशात राहिल्या, देवधर्म पाळत राहिल्या. काही सुधारकांना त्यांची चाल संथ वाटे. पण आया-सासवांनी आपल्या लेकी-सुना विश्वासाने त्यांच्या हवाली केल्या, त्या याच संथपणामुळे.

काम पुण्यापुरते राहिले नाही. १९१३ च्या दुष्काळात त्या गुजरात-काठियावाडात मदतीसाठी गेल्या. आषाढी-कार्तिकीला त्या सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जात. तिथे जमणाऱ्या बायकांची आणि आजाऱ्यांची काळजी घेत. हजारो माणसे एकत्र आली की पटकी पसरण्याची भीती तेव्हा नेहमीची होती. मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि स्त्रियांना मताधिकार या चळवळींतही त्या पुढे होत्या.

१९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले, तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. १९६२ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. सेवासदन आजही शिक्षणाचे काम करत आहे.

आता आपल्याकडे प्रतिजैविके आहेत, अतिदक्षता विभाग आहेत. तरी शस्त्रक्रियेनंतर जखमेत जंतुसंसर्ग होतो का, अंथरुणाला खिळलेल्याला पाठीवर फोड येतात का, बाळाला पहिल्या तासात आईचे दूध मिळते का, हे बऱ्याच अंशी परिचारिकेच्या हातात असते. आणि रात्रपाळी, अपुरा पगार, एकीच्या अंगावर पडणारे ढीगभर रुग्ण, वर नातेवाइकांची अरेरावी, या तिच्या तक्रारीही आपल्या कानांवर येतच असतात. रमाबाईंनी परिचारिकेला शिक्षण मिळवून दिले आणि तिच्या मानासाठी भर सभेत शब्द टाकला. पुढच्या वेळी वॉर्डात सिस्टरला हाक मारताना आवाज थोडा खाली ठेवला, तर त्या कामाचे थोडे ऋण फिटेल.