कर्जदाराच्या बाजूने उभा राहिलेला माणूस : फ्रीडरिश रायफायझन

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सहकारावर काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं. सहकार म्हटलं की आपण वैकुंठभाई मेहता, धनंजयराव गाडगीळ, विठ्ठलराव विखे पाटील यांची नावं घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. पण या सगळ्यांच्या आधी होऊन गेलेल्या एका जर्मन माणसाविषयी मी लिहिणार आहे. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेला बसताना आम्ही त्याचं नाव पाठ करायचो आणि पेपर झाला की विसरायचो. निवृत्तीनंतर त्याचं चरित्र सवडीने वाचलं, तेव्हा लक्षात आलं की हा माणूस बँकवाल्यांपेक्षा कर्जात अडकलेल्या साध्या माणसाच्या जास्त कामाचा आहे.

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन यांचा जन्म ३० मार्च १८१८ चा. जर्मनीतल्या वेस्टरवाल्ड नावाच्या डोंगराळ भागात, झीग नदीकाठच्या हाम या गावी. नऊ भावंडांत ते सातवे. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे पुढचं शिक्षण झालं नाही. गावच्या पाद्रीबुवांनी जे शिकवलं तेच. सतराव्या वर्षी सैन्यात तोफखान्यात भरती झाले. तिथे बरं चाललं होतं, पण डोळ्यांचा विकार जडला आणि १८४३ साली सैन्य सोडावं लागलं. हा विकार पुढे आयुष्यभर पुरला.

मग सरकारी नोकरी धरली आणि १८४५ मध्ये वायरबुश इथे ते बुर्गरमायस्टर झाले. या शब्दाचं भाषांतर महापौर असं करतात, पण आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा महापौर नव्हे. आजूबाजूच्या अनेक लहान गावांचा कारभार पाहणारा सरकारी माणूस, एवढंच. वय सत्तावीसही पूर्ण नव्हतं.

वर्षभरातच परीक्षा आली. पीक बुडालं, बटाट्यावर रोग पडला आणि १८४६-४७ च्या हिवाळ्यात लोकांची उपासमार सुरू झाली. सरकारने धान्य पाठवलं, पण रोख पैसे घेतल्याशिवाय कोणाला देऊ नये, असा हुकूमही सोबत पाठवला. ज्यांच्याकडे रोख पैसे होते त्यांना उपास पडत नव्हते आणि ज्यांना उपास पडत होते त्यांच्याकडे पैसे नव्हते! रायफायझननी हुकूम बाजूला ठेवला आणि गरिबांना उधारीवर पीठ दिलं. गावातल्या खात्यापित्या लोकांकडून पैसे उभे केले, सामायिक भट्टी बांधली आणि बाजारापेक्षा बऱ्याच कमी दरात पाव भाजून दिला. पैसे पीक आल्यावर द्यायचे. नोकरी जाण्याचा धोका होता, तो त्यांनी पत्करला.

१८४८ मध्ये त्यांची फ्लामर्सफेल्डला बदली झाली. तिथे उपासमारीपेक्षा सावकारीचा त्रास मोठा होता. जनावरांच्या व्यवहारातली सावकारी तर फारच वाईट. व्यापारी शेतकऱ्याच्या गोठ्यात आपली गाय बांधायचा. चारापाणी शेतकऱ्याचं, कष्ट शेतकऱ्याचे, पण फायद्याचा मोठा वाटा व्यापाऱ्याचा आणि मनात येईल तेव्हा गाय परत न्यायची मुभाही त्याचीच. शेतकरी एकदा त्या वहीत शिरला की बाहेर पडत नसे, कारण एकूण देणं किती आणि फिटलं किती हे फक्त व्यापाऱ्यालाच माहीत असायचं. कर्जापायी माणूस बुडतो तो नुसत्या व्याजाने नाही, हिशेब आपल्या हातात नसल्यामुळेही बुडतो. बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला तीस-बत्तीस वर्षं बसून मीही हेच पाहिलं.

रायफायझननी १८४९ मध्ये तिथे मदत संघ काढला. साठेक सुस्थितीतल्या लोकांनी मिळून हमी घेतली आणि त्या हमीवर पैसे उचलून जनावरं खरेदी केली. ती गरीब शेतकऱ्यांना दिली, पाच वर्षांच्या हप्त्यांवर. पाच वर्षांनी गाय स्वतःची. पुढे १८५२ मध्ये ते नॉयवीडजवळच्या हेडेसडॉर्फला गेले आणि तिथे १८५४ मध्ये आणखी मोठा संघ काढला. निराधार मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, गरजूंना कर्ज, असं सगळंच त्यात होतं.

पण इथे गाडं अडलं. या सगळ्या संस्था श्रीमंतांच्या दयेवर उभ्या होत्या आणि दयेचा उत्साह ओसरतो. सुरुवातीला हौसेने हमी देणारे हळूहळू बाजूला होऊ लागले. शिवाय कर्ज घेणाऱ्याला ती संस्था आपली वाटत नव्हती. रायफायझन धार्मिक वृत्तीचे होते. शेजाऱ्याला मदत करणं हे सुखवस्तू माणसाचं कर्तव्यच आहे, अशी त्यांची श्रद्धा. ती चुकीची नव्हती, पण अपुरी होती, हे मान्य करायला त्यांना बरीच वर्षं लागली. १८६४ मध्ये त्यांनी हेडेसडॉर्फच्या संस्थेची घडी बदलली. आता कर्ज हवं तर आधी सभासद व्हायचं आणि संस्थेच्या देण्याची जबाबदारी सगळ्या सभासदांनी मिळून घ्यायची, तीही अमर्यादित.

नियम मोजकेच होते. संस्थेचं क्षेत्र लहान, शक्यतो एका गावाचं, म्हणजे सगळे एकमेकांना ओळखतील. कर्ज कशासाठी हवं ते आधी विचारायचं आणि पैसा त्याच कामी लागला का ते पुढे पाहायचं. हप्ते शेतकऱ्याच्या उत्पन्नाला झेपतील असे लांब मुदतीचे. हिशेब लिहिणाऱ्याला मोबदला, बाकी कारभाऱ्यांनी फुकट काम करायचं. नफा झालाच तर वाटून न घेता गंगाजळीत टाकायचा.

या नियमांचा अर्थ नीट बघा. कर्ज देणाऱ्यांपैकी कोणालाही, तुम्ही जास्त कर्ज घ्यावं यात रस नाही. उलट तुम्ही बुडालात तर त्यांचंही नुकसान. त्यामुळे एखाद्याला नको म्हणून सांगायचं असेल तर तेही मोकळेपणाने सांगता येतं. मला विचाराल तर रायफायझन यांची खरी कमाई इथे आहे. कर्जदाराशी त्यांनी पैशाइतकंच हिताचं बोलणारं कोणीतरी जोडून दिलं.

त्यांचं स्वतःचं आयुष्य मात्र सोपं नव्हतं. पहिली पत्नी एमिली १८६३ मध्ये वारली. दृष्टी जवळजवळ गेली आणि १८६५ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, नोकरीतून निवृत्त व्हावं लागलं. पेन्शन तुटपुंजी. घर चालवायला त्यांनी आधी सिगारचा कारखाना काढला, मग वाइनचा व्यापार केला. त्याच अडचणीच्या काळात, १८६६ मध्ये, पतसंस्था कशी काढावी आणि चालवावी यावरचं त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. थोरली मुलगी अमाली त्यांचे डोळे झाली. ते सांगत आणि ती लिहून घेई. तिने लग्न केलं नाही, वडिलांच्या कामातच तिचं आयुष्य गेलं. थोरांच्या चरित्रात अशा मुलींना दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

११ मार्च १८८८ रोजी, सत्तरी पूर्ण व्हायला काही दिवस असताना, ते गेले. तोवर त्यांच्या पद्धतीच्या शेकडो संस्था उभ्या राहिल्या होत्या.

आता आपल्याकडे येऊ. रायफायझन आपल्या संस्था वाढवत होते त्याच सुमारास, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. दख्खनचे दंगे म्हणून आपण ते शाळेत शिकलो. शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. ते कागद हिसकावून त्यांनी जाळले. हिशेब आपल्या हातात नसण्याचं दुखणं वेस्टरवाल्डमध्ये होतं तेच इथेही होतं. पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकोल्सन या अधिकाऱ्याला युरोपातल्या पतसंस्थांचा अभ्यास करायला सांगितलं. त्यांच्या अहवालाने रायफायझन पद्धतीची जोरदार शिफारस केली आणि १९०४ मध्ये हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. कायद्याच्याही आधी, १८८९ मध्ये, बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली होती. मुंबईत श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ मध्ये शामराव विठ्ठल पतसंस्था काढली आणि पुढे १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी केली. म्हणजे आधी पत, मग घर. आपली सोसायटी याच वंशातली आहे.

मग यातून आज आपण काय घ्यायचं? शेतकऱ्याच्या गोठ्यातली गाय गेली आणि आपल्या खिशात क्रेडिट कार्ड आलं. कार्डाच्या बिलावर फक्त किमान रक्कम भरत राहिलं तर उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढू शकतं, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास. मोबाइलवरची कर्जं पाच मिनिटांत मिळतात. एक फेडायला दुसरं घेतलं जातं. आणि माणूस पुरता घेरला गेला की कर्ज मिटवून देतो म्हणणारे एजंट हजर होतात. आधी फी घेतात, हप्ते भरू नका म्हणून सांगतात आणि पुढे फोन उचलत नाहीत. असे फसलेले लोक मी नोकरीत असताना पाहिले आहेत. त्यांत शिकलेलेही होते.

मदत विश्वासाची आहे की नाही हे ओळखायला रायफायझन यांचेच नियम लावून बघा. सल्ला देणाऱ्याला तुमच्या कर्जातून काही मिळतं का? तो आधी तुमचा सगळा हिशेब मागतो, की आधी फी मागतो? प्रसंगी नको म्हणतो का? सगळं कागदावर देतो का? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे डिजिटल कर्ज देणाऱ्याने एकूण वार्षिक खर्च दाखवणारं पत्रक आधी द्यावं लागतं, ते मागून घ्या. खासगी सावकाराला आपल्या राज्यात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो आणि त्याची चौकशी सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. आपल्या सोसायटीची कागदपत्रं जातात तेच हे खातं. हप्ता थकणार असं दिसलं की थकायच्या आधीच बँकेत जाऊन बोला. बँकांची आर्थिक साक्षरता केंद्रंही आहेत, तिथे फी न घेता सल्ला मिळतो.

एक अडचण मात्र खरी आहे. रायफायझन यांच्या गावात शेजाऱ्याला सगळं ठाऊक असणं ही ताकद होती. आपल्याकडे लोक कर्ज लपवतात ते शेजाऱ्याला कळू नये म्हणूनच. लिफ्टमध्ये कुजबुज होईल या भीतीने माणूस महिनोन् महिने गप्प बसतो आणि तेवढ्यात व्याज वाढत राहतं.

म्हणून व्यवस्थापक समितीपुढे एक सूचना ठेवतो. सोसायटीचा निधी कर्जासाठी वापरायचा नाही, तसं करताही येणार नाही. पण आपल्याकडे बँकेतून, विम्यातून, हिशेब खात्यातून निवृत्त झालेली चार-पाच मंडळी आहेत. महिन्यातून एका रविवारी त्यांच्यापैकी दोघांनी सोसायटीच्या ऑफिसात बसावं. कोणाचे पैसे हाताळायचे नाहीत, कोणाला जामीन राहायचं नाही, फी घ्यायची नाही आणि ऐकलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. येणाऱ्याने आपली सगळी देणी एका कागदावर लिहून आणावीत. कोणतं आधी फेडायचं, बँकेला काय लिहायचं, एवढं आम्ही बसून ठरवून देऊ. पहिल्या रविवारी मी येईन. सोबतीला आणखी एक जण हवा आहे.