पडद्यामागचे फाळके

म्हशाच्या जत्रेत तमाशाचा फड उभा राहतो, त्यामागे पैसा, माणसं, जेवणखाण जमवणारा कुणीतरी असतोच. सिनेमात तो निर्माता. दादासाहेब फाळक्यांनी (१८७०-१९४४) हे सगळं एकट्याच्या जिवावर ओढलं. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं, कॅमेरा आणला. सावकाराला पटावं म्हणून आधी वाटाण्याचं रोप वाढतानाची फिल्म करून दाखवली. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्यांना रांधून घातलं, फिल्मही धुतली. तारामतीसाठी बाई मिळेना, तर हॉटेलात काम करणारे साळुंके उभे केले. ३ मे १९१३ ला गिरगावात 'राजा हरिश्चंद्र' लागला. अखेर नाशिकला ते गरिबीतच गेले. तेव्हा गॅदरिंगची वर्गणी मागायला येणाऱ्या पोराला हिडीसफिडीस करू नका!