वेट्झलारचा कारागीर

चिंचवडच्या टूलरूममध्ये माझी उमेदीची सारी वर्षे गेली. हातात मायक्रोमीटर घेतला की मला ऑस्कर बार्नाक आठवतात.

१८७९ साली जर्मनीत जन्मलेला हा माणूस पेशाने यंत्रकारागीर. फोटोची हौस दांडगी, पण दम्यामुळे काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा वाहणे झेपेना. १९११मध्ये ते वेट्झलारला लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात लागले. तिथे १९१४च्या सुमारास सिनेमाची फिल्म आडवी चालवून त्यांनी खिशात मावणारा कॅमेरा घडवला. महायुद्ध आले आणि तो नमुना तसाच पडून राहिला. अखेर १९२४मध्ये, जर्मनीच्या पडत्या काळात, धाकट्या लाइट्झसाहेबांनी जोखीम पत्करली. पुढच्याच वर्षी ‘लायका’ बाजारात आला.

सुरुवातीला रेंजफाइंडर सुटा असे. तो कॅमेऱ्यावर चढवून अंतर मोजायचे आणि ते लेन्सवर लावायचे. १९३२मध्ये तो आतच बसून लेन्सशी जोडला गेला. दोन प्रतिमा एक झाल्या की फोकस झाला. त्याच वर्षी झाइस घराण्याचा ‘कॉन्टॅक्स’ आला. बार्नाक पूर्वी झाइसकडेच नोकरीला होते! कॉन्टॅक्सचा रेंजफाइंडर रुंद, म्हणून अधिक अचूक. पाठ निघत असल्याने फिल्म भरणेही सोपे. लायकात ती खालून सरकवावी लागे, पण तो आटोपशीर होता.

१९३६मध्ये बार्नाक गेले. भोसरी-चाकणच्या कुणा कारागिराच्या खणातही असा एखादा नमुना पडून असेल. त्यालाही धाकटे लाइट्झ भेटायला हवेत.