जीर्णोद्धारातून जपलेला वारसा

परळीच्या वैजनाथ मंदिराच्या उंच पायऱ्या चढताना अहिल्याबाई होळकरांचे स्मरण होतेच. या ज्योतिर्लिंगाच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांनी अठराव्या शतकात केला. बीडच्या सीमेलगत, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी १७२५ मध्ये त्यांचा जन्म झाला. पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. पुढे सासरे मल्हारराव आणि पुत्र मालेराव वर्षभरात गेले व १७६७ मध्ये राज्याची धुरा त्यांच्याकडे आली.

परळी काय, काशी काय, ही स्थाने होळकरांच्या राज्याबाहेरची. तरीही खर्च त्यांनी खासगीतून केला. केवळ शिखर उभारून त्या थांबल्या नाहीत. घाट, बारवा, धर्मशाळा बांधल्या, पूजाअर्चेची कायम व्यवस्था लावून दिली. वास्तू वापरात राहिली तरच तिची निगा राखली जाते, हे त्यांनी नेमके हेरले असावे. परळीत आजही नित्यपूजा होते.

महेश्वर येथे १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे निधन झाले. तेथील किल्ल्यातील वाड्याच्या काही भागात २००० पासून होळकर वंशजांनी हॉटेल चालविले. साध्या राहणीच्या बाईंना हे रुचले असते का, हा प्रश्न वेगळा. वाडा मात्र शाबूत आहे.