गाणी बंद करणारा मंत्री

कॉलेजला जाताना कानात इयरफोन घालून तुम्ही एफएम लावता. पण लागलेलं गाणं त्या स्टेशनच्या मालकीचं नसतं, हे माहितीये? ज्याच्याकडे हक्क त्याला पैसे मोजावे लागतात. आणि हक्कदारांनी गाणी देणंच बंद केलं तर? मग बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांची गोष्ट ऐकाच.

केसकरांचा जन्म १९०३ चा. पॅरिसमध्ये शिकलेले, स्वातंत्र्य चळवळीतले, शास्त्रीय संगीताचे पक्के भोक्ते. १९५२ मध्ये ते नभोवाणी मंत्री झाले. देशात तेव्हा रेडिओ म्हणजे फक्त आकाशवाणी. सिनेमाची गाणी त्यांना उथळ आणि पाश्चात्त्यांची उसनवारी वाटायची. त्यांनी या गाण्यांचा वेळ घटवला. शिवाय गाणं लावताना सिनेमाचं नाव सांगायचं नाही, कारण ती जाहिरात होते, असं ठरलं.

गंमत इथेच आहे. निर्मात्यांना रेडिओवर गाणी हवी असायची ती सिनेमाचं नाव घरोघरी पोहोचावं म्हणून. नावच जाणार नसेल तर गाणी कशाला द्यायची? त्यांनी परवाने काढून घेतले. काही महिन्यांतच आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास गायब झालं.

लोक मात्र ऐकायचे थांबले नाहीत. त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेले कार्यक्रम विमानाने कोलंबोला जायचे आणि शॉर्टवेव्हवरून परत आपल्याच घरात वाजायचे. १९५२ मध्येच अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावावर झाली.

मग केसकर निव्वळ खलनायक का? तसंही नाही. त्यांच्याच काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. एरवी ज्यांना मैफलीचं तिकीट परवडलं नसतं, त्यांनी शनिवारी रात्री घरबसल्या मोठमोठे गवई ऐकले. कलावंतांना मानधन मिळालं, ओळख मिळाली. चांगलं ऐकवायचा त्यांचा हट्ट चुकीचा नव्हता; दुसरं काही ऐकूच द्यायचं नाही, हा हट्ट चुकला.

अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवर परतली. मंत्री तेव्हाही केसकरच होते! १९६२ पर्यंत त्यांनी हे खातं सांभाळलं. १९८४ मध्ये ते गेले.

मित्रांच्या आवडीला नाक मुरडताना केसकरांना जरूर आठवा. तुमची आवड त्यांना नक्की ऐकवा. फक्त त्यांचं गाणं बंद करू नका.