तंजावरचे सरफोजीराजे आणि तेथील देवचित्रे

आमच्या कामथडीच्या पश्चिमेस राजगड उभा आहे. भोर-वेल्ह्याच्या मावळातील ज्ञातिबांधवांच्या घरोघरी त्या गडाची हकीकत मुलांच्या कानी लहानपणीच पडते. परंतु त्याच भोसले कुळाच्या एका शाखेने दूर दक्षिणेत तंजावरास सुमारे 180 वर्षे राज्य केले, याचे स्मरण थोड्यांसच असते. आम्ही अनेक वर्षे शाळेत इतिहास शिकविला. पण शिवछत्रपती व व्यंकोजीराजे यांची 1677 मधील भेट सांगून झाली की आमचेही तंजावर तेथेच संपत असे. ती उणीव थोडीतरी भरून निघावी म्हणून त्या गादीवरील दुसरे सरफोजीराजे यांचे चरित्र येथे देत आहोत.

सरफोजीराजांचा जन्म 24 सप्टेंबर 1777 रोजी झाला. 1787 साली तुळजाजीराजांनी त्यांस दत्तक घेतले, आणि लवकरच ते निवर्तले. गादी तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे गेली. दत्तक पुत्राच्या वाट्यास बंदिवासासारखे जिणे आले. शिक्षणाचीही आबाळ झाली. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याने मध्ये पडून त्यांस सोडविले आणि 1793 मध्ये मद्रासेस नेवविले. तेथे त्यांचे अध्ययन झाले. राजांनी आपला धर्म कधी सोडला नाही, पण उपकारही विसरले नाहीत. फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराकडून त्यांनी श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते तंजावरच्या चर्चमध्ये आहे.

1798 त गादी मिळाली, आणि पुढच्याच वर्षी राज्य गेले. 1799 च्या तहान्वये सर्व कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व भोवतालचा मुलूख, वर्षास 1 लक्ष होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. या तहाबद्दल त्यांस दोष देणारे आहेत, आणि तो दोष सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु तशाच नेमणुका घेऊन बसलेल्या इतर संस्थानिकांचा पैसा कोठे गेला, हेही पाहिले पाहिजे. सरफोजीराजांचा पैसा ग्रंथांत, औषधशाळेत आणि चित्रांत गेला.

नायक राजांच्या काळापासूनचे सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढविले, युरोपातून सहस्रावधी पुस्तके आणविली. 1805 च्या सुमारास त्यांनी देवनागरी छापखाना काढला. तेथून इसापनीतीचे मराठी भाषांतर छापून निघाले. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला, त्यावर 1803 साल आहे. धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांची टिपणे ठेवीत, आणि रोगी डोळ्याचे चित्र सोबत काढीत. म्हणजे चितारी देवघरापुरताच राहिला नव्हता, तो वैद्याच्या शेजारीही बसत होता!

तथापि तंजावरचे नाव सर्वत्र झाले ते देवचित्रांमुळे. ही कला मराठ्यांनी निर्माण केली असे मात्र समजू नये. ती विजयनगरच्या परंपरेतून आली आणि मुख्यत्वे राजू व नायडू या तेलुगुभाषी चितारी घराण्यांच्या हाती होती. तिचे आज दिसणारे रूप मराठ्यांच्या आश्रयाने घडले व सरफोजीराजांच्या काळी ते बहरास आले. कृती अशी: फणसाच्या लाकडाच्या फळीवर चिंचोक्याच्या खळीने कापड चिकटवावयाचे, त्यावर खडूच्या भुकटीचा व डिंकाचा लेप देऊन ते घोटून गुळगुळीत करावयाचे. मग आकृती रेखून दागिने, महिरपी, खांब हे लेपाने उठावदार करावयाचे, त्यात काचेचे खडे बसवावयाचे आणि वर सोन्याचा वर्ख चढवावयाचा. रंग त्यानंतर. तमिळ लोक यास पलगै पडम्, म्हणजे फळीवरील चित्र, म्हणतात. लोण्याचा गोळा घेतलेला गुबगुबीत बाळकृष्ण आणि रामराज्याभिषेक हे विषय विशेष आवडीचे. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरात असल्याने मराठी घरांतही रामचित्रास मोठा मान होता.

जुन्या चित्रांवर चिताऱ्याचे नाव बहुधा नसते. राजाचे नाव दगडावर कोरलेले राहिले, आणि ज्यांच्या बोटांनी सोने चढविले त्यांची घराण्यापलीकडे ओळख उरली नाही. ज्ञातीचा अभिमान बाळगताना ही गोष्ट आपण लपवू नये, असे आम्हांस वाटते.

1820 मध्ये राजे काशीयात्रेस निघाले. काशीच्या घाटांची चित्रे त्यांच्या संग्रहात आहेत. 7 मार्च 1832 रोजी ते वारले. पुत्र शिवाजीराजे 1855 त निपुत्रिक गेले, आणि कंपनीने संस्थान खालसा केले.

दरबार बुडाला, पण चितारी बुडाले नाहीत. त्यांची चित्रे केवळ वाड्याची शोभा नव्हती. ती सामान्य गृहस्थाच्या देवघरात पूजेस बसली होती, व तेथून मागणी येत राहिली. 1918 मध्ये सरस्वती महाल सर्वांस खुला झाला. 2007-08 मध्ये तंजावर चित्रांस भौगोलिक मानांकन मिळाले. आता फणसाऐवजी बहुधा प्लायवूड असते, खडे जयपुराहून येतात, आणि परंपरागत घराण्यांबाहेरच्या शहरी स्त्रियाही ही कला शिकतात. कापड मात्र अजून फळीवर चिकटवूनच घेतात, आणि वर्ख चढल्यावाचून रंगास हात लावीत नाहीत.