सार्वजनिक काका आणि भीमथडीचा दुष्काळ

श्रीतुकोबारायांची पालखी उंडवडीहून बारामतीस येते आणि पुढे सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास जाते. त्या वाटेने आम्ही पुष्कळ वेळा चाललो आहोत. आज दुतर्फा ऊस डुलतो, वारकऱ्यांस कोणी भाकरी देतो, कोणी ताक पाजतो. परंतु दीडशे वर्षांमागे याच मुलखात माणसे अन्नावाचून तडफडत होती आणि त्यांच्या वतीने सरकारशी कागदोपत्री झुंजणारा एक पुरुष पुण्यात बसला होता. आमच्या कीर्तनात दुष्काळ म्हटला की मंगळवेढ्याचे दामाजीपंत येतात, आणि ते यथायोग्यच आहे. पण दामाजीपंतांच्या हाती कोठाराच्या किल्ल्या तरी होत्या! ह्या गृहस्थाच्या हाती लेखणीवाचून दुसरे काही नव्हते. त्याची कथा आज सांगावी म्हणतो.

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. पुण्यास येऊन ते वकिलीच्या धंद्यात पडले. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता, त्याच्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा निघाली. सुमारे सहा हजार लोकांनी सह्या करून पंचाण्णव जणांस मुखत्यार नेमले होते, हे ध्यानात घ्यावे. चार शहाणे जमले आणि बोलू लागले, असला तो प्रकार नव्हता. सभेपायी काकांनी घरचे काम मागे टाकले, म्हणून लोक त्यांस सार्वजनिक काका म्हणू लागले, आणि पाळण्यातले नाव मागेच पडले. १८७२ च्या जानेवारीत त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. स्वतः सूत काढायचे आणि त्याचेच अंगावर घालायचे. पत्नी सरस्वतीबाईंनी त्याच्या आधीच, १८७१ मध्ये, बायकांसाठी स्त्री विचारवती सभा काढली होती.

आता इंदापुराकडे वळू. इंग्रजी जमीन-पाहणीची नवी पद्धत प्रथम इंदापूर तालुक्यातच १८३६ च्या सुमारास लागू झाली. त्याआधी प्रिंगलसाहेबाने बसवलेल्या साऱ्याने कुणबी इतके गांजले होते की कित्येक गाव सोडून निजामाच्या मुलखात गेले. नवा सारा तीस वर्षांच्या कराराचा होता. ती मुदत १८६७ मध्ये संपली, आणि फेरपाहणीही आधी इंदापुरातच झाली. अमेरिकेत यादवी चालू असता कापसाचा भाव चढला होता, त्या तेजीवर नजर ठेवून साऱ्याचे आकडे फुगवले गेले. तेजी ओसरली, आकडे मात्र राहिले. सारा रोख भरायचा, म्हणजे सावकाराच्या दारी जाणे आले. सभेने समिती नेमून शेतकऱ्यांची हलाखी तपासली आणि १८७३ मध्ये अहवाल काढला. पुढल्याच वर्षी सरकारने वाढीला बांध घातला : तालुक्यांच्या गटास शेकडा ३३, एका गावास ६६, एका खातेदारास १०० याहून जास्त वाढ नको. हे सारे सभेचेच श्रेय, असे आम्ही म्हणत नाही, पण सभेचा त्यात वाटा होता.

तरी उशीर व्हायचा तो झालाच. १२ मे १८७५ रोजी सुप्याचा बाजार होता. हे सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडीत होते. त्या दिवशी कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जरोखे जाळले. तुकोबारायांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली, ती स्वतःच्या येण्याची होती. सुप्यात जळली ती दुसऱ्याची. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. पण त्या कुणब्यांस केवळ दंगेखोर म्हणून मोकळे व्हावे, हेही आमच्या जिवावर येते. त्याच सुमारास काकांनी पुण्यात लवाद चालवून भांडणे कोर्टाबाहेर मिटवण्याचा उद्योग आरंभला होता.

१८७६ साली पाऊस गेला. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेस, इंदापूर-भीमथडीकडे, फार बेजारी झाली. सभेने तालुक्यातालुक्यांत माणसे धाडली. कोठे किती पिकले, बाजारात काय भाव आहे, किती लोक गाव सोडून गेले, कामावर मजुरी काय मिळते, हे लिहून आणवायचे आणि सरकारास पत्रांमागून पत्रे पाठवायची, असा क्रम ठेवला.

बडे लाट लिटनसाहेबांनी १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस दरबार भरवला. मेजवान्या, हत्ती, जरीपोशाख! काका सभेच्या वतीने गेले ते हातच्या खादीत. इकडे त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल दुष्काळाच्या कामी निघाले. ह्याच टेंपलसाहेबांनी १८७४ मध्ये बिहारात ब्रह्मदेशचा तांदूळ आणवून लोक जगवले होते, पण खर्च फार केला म्हणून त्यांस बोल बसला. ह्या खेपेस ते भलतेच काटकसरी झाले. एक रत्तल धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर कामकरी पुरुषाचे भागते, असे त्यांचे मत पडले. दिवसभर खडी फोडणाऱ्याने एक रत्तलावर जगायचे, अहो, हा हिशेब कोणी मांडला? मद्रासेकडील आरोग्याधिकारी कॉर्निशसाहेबांनीही त्यास जोराने हरकत घेतली.

मुंबई इलाख्यातही मजुरी उतरली, आणि गावालगतची लहान कामे सोडवून लोकांस लांबच्या मोठ्या कामांवर पाठवू लागले. तेव्हा अजब गोष्ट घडली. भुकेली माणसेच काम टाकून घरी निघाली. मार्चपर्यंत लाखाच्या आसपास लोकांनी कामे सोडली. अधिकाऱ्यांनी ठपका सभेवर ठेवला, तिने लोकांस फितवले म्हणून. सभेने लिहिणे थांबवले नाही. मजुरीचा तो तंटा काही एका दिवसात सुटला नाही, आणि टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर होऊन आले. १८७८ मध्ये दुष्काळ-कमिशन नेमले गेले आणि त्यातून पुढे दुष्काळाचे नियम बांधले गेले. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जातून सोडवण्याचा कायदा झाला.

त्याच १८७९ साली वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. सरकारची इतराजी कोण पत्करणार? काका वकीलपत्र घेऊन उभे राहिले. फडक्यांच्या मार्गाशी त्यांचे जमत नव्हते, ते अर्ज-विनंत्यांचे मनुष्य. पण आरोपीस वकील हवा, एवढे त्यांस पुरे होते.

२५ जुलै १८८० रोजी काका गेले, वय अवघे बावन्न. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापुराकडे वाहू लागले ते त्यानंतर पाच-सहा वर्षांनी.